पायरीपर्यंतचा अधिकार



आमच्या गोंदियाकडून पंढरपूर लांब पडते. आळंदी-देहूकडच्या माउलींना पायी वारी अंगवळणी पडलेली असते. आमच्याकडे आषाढी येते तेव्हा बांध्यांत चिखल झालेला असतो, रोवणी अंगावर असते. आणि कार्तिकीला धान कापणीला आलेले असते. दोन्ही वाऱ्या शेतकऱ्याला अडचणीच्याच. म्हणून आमच्यातले बरेच जण महाराष्ट्र एक्सप्रेसने निघतात, गाडीत हरिपाठ म्हणतात, दौंडला उतरतात, तिथून कुर्डुवाडी आणि मग पंढरी.

मागे अशाच एका वारीला आमच्या गटात एक मुलगी होती. नागपूरला समाजकार्याचे शिक्षण घेत होती, आजीला सांभाळायला म्हणून आलेली. महाद्वारापाशी आलो. सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे आधी चोखोबांच्या समाधीवर डोके ठेवले, मग नामदेव पायरीला नमस्कार केला. म्हातारी माणसे रांगेकडे निघाली. मुलगी मात्र समाधीपाशीच थांबली आणि मला म्हणाली, "महाराज, आमच्या पुस्तकांत मानवी हक्क, सामाजिक समावेशन असे शब्द आहेत. चोखोबा एवढे मोठे संत, तर त्यांची समाधी दाराच्या बाहेर का?"

मी कीर्तनात वर्षानुवर्षे देत आलेले उत्तर दिले. नामदेवरायांनी चोखोबांना देवासमोर जागा दिली, आज प्रत्येक वारकरी आधी त्यांच्यापुढे वाकतो आणि मगच आत जातो, हा केवढा मान! मुलीने मान हलवली. तिचे समाधान झाले नाही हे मला दिसले, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते. हा लेख म्हणजे त्या उत्तराची दुसरी खेप समजावी.

तिने हक्क हा शब्द वापरला. आपल्या परंपरेत त्याला अधिकार म्हणतात. वेदान्ताचा ग्रंथ शिकायला बसले की गुरुजी आधी अनुबंधचतुष्टय सांगतात: अधिकारी, विषय, संबंध, प्रयोजन. म्हणजे ग्रंथात काय आहे याच्याही आधी तो कोणी ऐकावा हा प्रश्न. आणि त्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर शेकडो वर्षे जन्म पाहून दिले गेले. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यांत अपशूद्राधिकरण नावाचे एक प्रकरणच आहे, ते ज्यांनी वाचले त्यांना जास्त सांगायला नको. ज्ञानोबारायांपासून आपल्या संतांनी काय केले, तर नामाचा अधिकारी ठरवताना जात विचारली नाही. स्त्री असो, शूद्र असो, अंत्यज असो, मुखाने नाम घेतले की तो अधिकारी. ही गोष्ट लहान नाही. तेराव्या-चौदाव्या शतकात महार जातीत जन्मलेला माणूस अभंग रचतो, त्याची पत्नी सोयराबाई रचते, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा असे सगळे घरच वाणी चालवते, आणि ती वाणी सातशे वर्षे लोकांच्या कंठात राहते. जगाच्या इतिहासात अशी उदाहरणे शोधावी लागतील.

पण नामाचा अधिकार वेगळा आणि दगडी उंबऱ्याचा अधिकार वेगळा. ही फोड आम्ही कीर्तनकार फारशी करत नाही. चोखोबांच्या चरित्रात देव स्वतः त्यांना भेटायला बाहेर येतो, हे आख्यान आम्ही रंगवून सांगतो, श्रोत्यांच्या डोळ्यांना पाणी येते, पूर्वरंगाचा उत्तररंगाशी छान मेळ बसतो. देवाला बाहेर का यावे लागले, हा प्रश्न मात्र त्या पाण्यात वाहून जातो. कर्ममेळ्याने तो वाहू दिला नाही. त्याच्या अभंगांत देवाशी सरळ भांडण आहे: आम्हाला या कुळात जन्म देऊन तू काय साधलेस? कर्ममेळ्याचे अभंग कीर्तनाला घेणारे बुवा मी माझ्या आयुष्यात थोडेच पाहिले, आणि तरुणपणी मीही त्यांत नव्हतो.

परंपरा सांगते, मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर गाडले गेले. शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८. नामदेवरायांनी अस्थी शोधून पंढरीत आणल्या आणि महाद्वारापुढे समाधी बांधली. वेठीला धरलेल्या मजुराचा मृत्यू आहे हा. आज एखाद्या बांधकामावर अशी भिंत पडली तर वर्तमानपत्रात कंत्राटदाराचे नाव येते, भरपाईची मागणी होते. त्या काळी एक मित्र अस्थी वेचायला गेला. नामदेवरायांच्या या कृतीला मी भक्तीइतकेच समाजकार्य म्हणतो. ज्यांचे प्रेत शोधायलाही कोणी जात नाही, त्यांच्यासाठी ते गेले, आणि त्या अस्थींना गावाबाहेर नव्हे तर देवाच्या दारात जागा दिली.

मात्र त्यानंतर सहाशे वर्षे काय झाले? ती समाधी सीमा झाली. चोखोबांच्या जातीचा वारकरी चंद्रभागेत स्नान करी, टाळ घेऊन नाचे, आणि समाधीपर्यंत येऊन थांबे. त्याच्या पुढची पायरी इतरांची. ज्या समाधीपुढे आपण मानाने वाकतो, तिथेच कोणाची तरी वाट संपत होती. वाटेवरही फार वेगळे नव्हते. इरावती कर्वे पालखीबरोबर चालल्या होत्या; त्यांच्या 'वाटचाल' या लेखात त्यांनी लिहून ठेवले आहे की निरनिराळ्या जातींच्या दिंड्या भजन एक करीत, पण पंगती वेगळ्या. बाईंना ते बोचले. आपल्यातल्या कितीकांना ते दिसलेही नसेल, कारण रोजचे झालेले दिसत नाही.

आता आमच्या विदर्भाकडे येतो, कारण चोखोबांच्या नावाने खरे काम कुठे उभे राहिले असेल तर ते इकडे. नागपूरजवळच्या मोहपा गावी १८७९ साली जन्मलेले किसन फागूजी बनसोडे महार समाजातले. गिरणी कामगारांत काम करणारे, वर्तमानपत्रे काढणारे. १९०७ साली त्यांनी नागपुरात मुलींसाठी शाळा काढली आणि तिला नाव दिले चोखामेळ्याचे. पुढे 'चोखामेळा' नावाचे पत्रही काढले. त्यांचा विश्वास होता की चोखोबांच्या वाटेने, शिक्षणाने आणि सदाचाराने आपला समाज वर येईल, आणि वरचे समाज त्याला जागा देतील. याच नागपुरात जाईबाई चौधरी नावाच्या बाई होऊन गेल्या. लहानपणी लग्न झालेले, डोक्यावर ओझी वाहून पोट भरायच्या. एका मिशनरी जोगिणीच्या मदतीने शिकल्या, शाळेत शिक्षिका झाल्या. अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकवते म्हणून पालकांनी गहजब केला आणि नोकरी गेली. जाईबाईंनी १९२२ साली स्वतःची शाळा काढली: संत चोखामेळा कन्या पाठशाळा.

हमाली केलेल्या एका बाईला शाळेचे नाव ठेवायची वेळ आली तेव्हा चोखोबा आठवले. आपल्या संप्रदायाला याचा केवढा अभिमान वाटायला हवा होता! मी आळंदीला शिकलो. जोग महाराजांनी १९१७ साली काढलेली वारकरी शिक्षण संस्था म्हणजे आमची काशी. पण तिथे असताना किंवा नंतरही कोणा वारकऱ्याच्या तोंडून मी जाईबाईंचे नाव ऐकले नाही. साठी उलटल्यावर एका ग्रंथालयात ते वाचले. नागपूर आमच्या गोंदियाहून गाडीने दोन-तीन तासांवर.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबद्दल आपल्या वर्तुळात दबकत बोलतात. काहींना वाटते ते संतांच्या विरुद्ध होते. १९२० साली त्यांनी 'मूकनायक' काढले तेव्हा त्याच्या शिरोभागी तुकोबारायांचा अभंग होता. १९२७ साली 'बहिष्कृत भारत' काढले तेव्हा ज्ञानेश्वरीतल्या ओव्या होत्या. १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला. हे तिन्ही पुरावे छापील आहेत, कोणीही पाहावेत. त्यांच्या घरातली एक गोष्ट धनंजय कीर यांनी चरित्रात दिली आहे. रमाबाईंना पंढरपूरला जायची फार ओढ होती. भाविक बाई होत्या. पण गेल्या तरी दर्शन पायरीखालूनच. बाबासाहेबांनी त्यांना समजावले की जे पंढरपूर भक्ताला दुरून उभे करते तिथे कशाला जायचे, आपण आपल्या सेवेने आणि वागण्याने आपल्या लोकांसाठी दुसरे पंढरपूर उभे करू. रमाबाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. पंढरी पाहायची राहिली.

मी ही गोष्ट कीर्तनात पहिल्यांदा सांगितली तेव्हा मंडपात शांतता झाली. पुढच्या रांगेतली एक म्हातारी मात्र रडू लागली. नंतर म्हणाली, "महाराज, माय माझीबी पंढरी पाह्यल्याबिगर गेली. पन तिले कोनी अडवलं नव्हतं, पैसा नव्हता." मी काय बोलणार! दोन बायकांचे दुःख सारखे दिसते, पण सारखे नाही, आणि हे त्या म्हातारीला माझ्याआधी कळले होते.

दार बंद असताना लोकांनी काय काय केले तेही सांगितले पाहिजे. १९२७ साली अमरावतीला अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाची चळवळ झाली, १९२९ साली पुण्यात पर्वतीला सत्याग्रह झाला, १९३० साली २ मार्चला नाशिकला काळारामाचा सुरू झाला आणि काही वर्षे चालला. दारे उघडली नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली. किसन फागूजी बनसोडे या मुद्द्यावर त्यांच्यापासून वेगळे राहिले. त्यांना चोखोबांची वाट सोडवेना. १९४६ साली बनसोडे वारले. पंढरीचे दार उघडायला तेव्हा एकच वर्ष राहिले होते.

त्या सगळ्या काळात एक माणूस पंढरीत झाडू घेऊन फिरत होता. गाडगेबाबांवर आपल्या मासिकांत पुष्कळ येते, म्हणून ठाऊक असलेले पुन्हा उगाळत नाही. जन्म १८७६, शेंडगाव, परीट समाज, आमच्या वऱ्हाडचेच. माझ्या गुरूंनी त्यांचे कीर्तन तरुणपणी ऐकले होते. ते सांगत की बाबा व्यासपीठ घेत नसत, प्रश्न विचारत आणि लोकांकडूनच उत्तर वदवून घेत. मला लिहायचे आहे ते त्यांच्या एका धर्मशाळेबद्दल. बाबा पंढरीच्या देवळात जात नसत, वाळवंट झाडत, यात्रेकरूंची सोय पाहत. यात्रेला आलेला अस्पृश्य राहणार कुठे हे त्यांनी पाहिले. मठांत जागा नाही, धर्मशाळेत नाही, मग नदीकाठी उघड्यावर. बाबांनी वर्गण्या जमवून त्यांच्यासाठी इमारत उभी केली: चोखामेळा धर्मशाळा. देवळाचे दार उघडणे त्यांच्या हातात नव्हते. पावसात डोक्यावर छप्पर देणे होते.

मग १९४९ साली बाबांनी ही धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, शिकणाऱ्या मुलांसाठी. यावर थोडे थांबतो. देवळाचे दार उघडून दोन वर्षे झाली होती. बाबासाहेबांनी तर धर्म सोडण्याचे जाहीर करून चौदा वर्षे लोटली होती. तरीही पंढरपुरातली, चोखोबांच्या नावाची, वारकऱ्यांच्या वर्गणीतून उभी राहिलेली इमारत बाबांनी त्यांना देऊन टाकली. हिशेब मांडणारा माणूस म्हणेल, वारकऱ्यांची मालमत्ता संप्रदायाबाहेर गेली. बाबांनी पाहिले असेल ते एवढेच की यात्रेकरूला आता राहायची सोय होईल, पण खेड्यातून आलेल्या मुलाला अजून खोली कोणी देत नाही. धर्मशाळेपेक्षा वसतिगृहाची गरज मोठी झाली, तर इमारत तिकडे गेली. सेवा करणाऱ्याने सेवेला चिकटून बसू नये, असे म्हणतात. करून दाखवणारे थोडे.

आता १९४७. साने गुरुजींना आपण 'श्यामची आई'मुळे ओळखतो. पंढरीशी त्यांचे नाते त्याहून मोठे आहे. १९४६च्या अखेरीस त्यांनी जाहीर केले की विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले झाले नाही तर मी प्राणांतिक उपोषण करीन. सेनापती बापटांच्या आग्रहावरून त्यांनी ते काही महिने पुढे ढकलले, आणि तेवढ्या अवधीत महाराष्ट्रभर दौरा काढला. राष्ट्र सेवा दलाची तरुण मुले कलापथक घेऊन या कामात होती. गावोगावी सभा, गाणी, मेळे, आणि तिथल्या तिथे लोकांकडून ठराव: आमच्या गावचे देऊळ खुले, आमची विहीर खुली. लोक उपोषणाचे दहा दिवस लक्षात ठेवतात, पण मला त्या आधीचे महिने जास्त महत्त्वाचे वाटतात. विहीर एकदा खुली झाली की तिथे उद्या सकाळी घागर घेऊन बाई यायची असते. ती आली की कोण काय बोलते, कोण रहाट थांबवतो, हे पाहायला गावात कोणीतरी उरावे लागते. हे काम उपोषणाने होत नाही, ठाण मांडून बसणाऱ्या कार्यकर्त्याने होते.

१ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण सुरू झाले. गुरुजींना बसायला जागा मिळायचीच पंचाईत होती. तनपुरे महाराजांनी आपल्या मठात जागा दिली. आपल्या संप्रदायाने त्या वर्षी काय केले असे कोणी विचारले तर मी आधी हे नाव सांगतो, आणि नंतर मान खाली घालून बाकीचे सांगतो. कारण विरोध करणाऱ्यांतही आपली माणसे होती, फडावरची, मठांतली, कीर्तन करणारी. साने गुरुजींनी भीमेपलीकडे चालते व्हावे अशा घोषणा झाल्या. दार उघडणारच असे दिसले तेव्हा मूर्तीतले तेज विधिपूर्वक घागरीत काढून घेतले, असे पंढरपुरात अजून सांगतात, आणि नंतर कित्येकांनी देवळात जाणे सोडले. अठ्ठावीस युगे उभा असलेला देव घागरीत मावतो असे मानणाऱ्यांना मी काय म्हणू! ते अडाणी नव्हते, माझ्याहून जास्त शिकलेले होते.

महात्मा गांधींनाही ते उपोषण सुरुवातीला पटले नव्हते, थांबवा असे त्यांनी कळवले होते. गुरुजी हटले नाहीत. शेवटी दादासाहेब मावळंकर मध्ये पडले, बडवे मंडळींनी दार खुले करण्याचे मान्य केले, आणि दहा दिवसांनी उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. आमचा भाग तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, तिथेही त्याच वर्षी तसा कायदा आला. पुढे २६ जानेवारी १९५० पासून संविधान लागू झाले आणि सतराव्या कलमाने अस्पृश्यताच नष्ट ठरवली. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा १० डिसेंबर १९४८चा; म्हणजे पंढरीचे दार त्याच्या आधी दीड वर्ष उघडले. हे आम्ही अभिमानाने सांगू शकतो. चोखोबांची समाधी बांधल्याला तेव्हा सहाशेहून अधिक वर्षे झाली होती, हेही त्याच दमात सांगावे लागते.

दार उघडले खरे, पण कोणासाठी? आमच्या गोंदियाचा जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. तोवर आम्ही भंडारा जिल्ह्यात. १९५४ साली भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीला बाबासाहेब स्वतः उभे होते. संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष आमच्या दारी मत मागायला आले आणि आम्ही त्यांना हरवले. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ला, नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आमच्या भागातून लोक बैलगाड्यांनी, गाडीने, पायी गेले. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि २० डिसेंबरला गाडगेबाबा. त्या एका महिन्यात कोणाकोणाचे छत्र गेले याचा विचार करतो तेव्हा मला घरातल्या मोठ्या माणसांचे त्या दिवसांतले चेहरे आठवतात. मी लहान होतो, कळत काहीच नव्हते.

कळू लागले ते पुढे. १९७०नंतरची गोष्ट. मी नवा कीर्तनकार. जिल्ह्यातल्या एका गावी सप्ताहाला बोलावणे होते. काल्याच्या दिवशी कीर्तन चोखोबांवर लावले. गळा तेव्हा चांगला होता, लोक डोलत होते. काला झाला. मंडपात दह्या-लाह्यांची हंडी फुटली, एकमेकांच्या तोंडात काला भरवणे चालले होते, आणि मंडपाच्या कडेला एक निराळे भांडे झाकून ठेवलेले मला दिसले. पाटलांना विचारले. म्हणाले, "तो गावाबाहेरच्या वस्तीचा. मुलं येऊन घेऊन जातील." आत्ताच चोखोबांवर दोन तास बोललेला मी काय बोललो? काही नाही. नारळ घेतला, पाकीट घेतले, आणि संध्याकाळच्या बसने परत आलो. माझ्या गुरूंना हे सांगितले तर ते एवढेच म्हणाले, "त्या भांड्यातला काला तू खायचा होतास."

त्या गावी परत जायला मला वर्षे लागली. गेलो तेव्हा सप्ताह नव्हता. वस्तीवर गेलो. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या ओसरीवर बसलो. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली पितळी लोटा. त्यांनी पाणी दिले, मग चहा. बोलता बोलता कळले की छप्पनच्या आधी वस्तीवर चोखोबांचे भजनी मंडळ होते आणि त्यांचे वडील वीणा धरत. दीक्षेनंतर वीणा खुंटीला लागली, मग पावसात भोपळा फुटला. मी म्हटले, पंढरीचे देऊळ तर सत्तेचाळीसलाच खुले झाले होते. ते हसले. "महाराज, दार उघडलं हे आमाले मालूम झालं. पन तवरी आमी निंगालो होतो."

मी त्या दिवशी त्यांची क्षमा मागितली. त्यांनी ती मान्य केली की नाही हे मला नीट सांगता येणार नाही. त्यांनी विषय बदलला, धानाचे विचारले, माझ्या गुडघ्यांचे विचारले. काल्याचे निराळे भांडे त्यांच्या आठवणीत नव्हते. अशी भांडी कितीतरी असतील, त्यातले एक त्यांनी कशाला लक्षात ठेवावे!

आता मंदिराचा सगळा कारभार बदलला आहे. जानेवारी २०१४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपले, आणि मंदिर समितीने पूजेसाठी सर्व जातींच्या पुरुषांकडून आणि स्त्रियांकडूनही अर्ज मागवले. गटातल्या त्या मुलीला मी पत्रात हे लिहिले. तिने उत्तरात विचारले, "महाराज, तुमच्या गावच्या भजनी मंडळात किती घरांची माणसं आहेत?" मी मोजायला बसलो. सगळी दोन-तीन आडनावांची निघाली. कायद्याने कोणाला अडवलेले नाही. कोणी बोलावलेलेही नाही. तिचे शिक्षण आता पूर्ण झाले आहे, आमच्याच जिल्ह्यातल्या जंगलपट्टीत आदिवासी मुलींच्या शाळागळतीवर ती काम करते. आठवड्यातून तीन दिवस बसने जाते, घरोघर बसते, दाखल्यांची कागदपत्रे लावून देते. मला ते जाईबाईंचे काम वाटते. ती स्वतःला वारकरी म्हणवते की नाही हे मी विचारलेले नाही.

ओसरीवरच्या भेटीतली एक गोष्ट सांगायची राहिली. उठता उठता मी त्यांना म्हटले, अलीकडे मी कर्ममेळ्याचे अभंग कीर्तनाला घेतो. ते म्हणाले, म्हणा बरं एक. मी म्हटला. गळा आता चिरका झाला आहे, तरी म्हटला. त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि शेवटाला हात वर केला. "तिसरा चरन सोडला तुमी." माझ्या गुरूंच्या बाडात तो चरण नव्हता, छापील गाथ्यात मी कधी पडताळला नव्हता. सत्तेचाळीस-पन्नास सालापर्यंत त्यांच्या वस्तीवर तो रोज रात्री म्हटला जात असे. त्यांनी तो सावकाश दोनदा सांगितला, मी चष्मा लावून बाडाच्या समासात लिहून घेतला, आणि त्यांनी वाकून अक्षरे बरोबर उतरली का ते पाहिले.